राखणदाराचा मान

"त्यांनी दिलेला शब्द तुम्ही पाळायचा नाही, वृंदाताई. ते विसरले तरी नाही, चुकले तरी नाही."

देसूरकर मॅडम हे म्हणाल्या तेव्हा माझ्या हातात जपमाळ होती. ती थांबली. आज केस पांढरे झाले माझे, पण तो आवाज अजून तसाच कानात आहे.

बेळगावजवळच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात आम्ही बसलो होतो. माझे यजमान सगुण केरकर तिथे दाखल होते. येत्या शनिवारी मी त्यांना घरी नेणार होते, आणि नेण्याआधी घरच्या माणसाला काय काय सांभाळायचं ते मॅडम समजावतात, म्हणून मला बोलावलं होतं.

"म्हणजे कसं?" मी विचारलं.

"मागे तुम्हीच सांगितलंत. दारू सोडतो म्हणून ते तुळशीपुढे शपथ घेतात, आणि मोडतात. मोडली की उपास कोण धरतं?"

"मी."

"का?"

"शपथ देवापुढे घेतलेली असते. कुणीतरी फेडायला नको?"

मॅडम बोटांवर मोजू लागल्या. "सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. आठवड्यात जेवता कधी तुम्ही?"

"जेवते की. मधल्या दिवशी."

त्या हसल्या नाहीत. "प्यायचं त्यांनी आणि उपाशी राहायचं तुम्ही. त्यांना ठाऊक असतं, आपलं फेडणारं माणूस घरी आहे. हे आता बंद. त्यांचा शब्द आता त्यांनीच पाळायचा, मोडला तर त्यांनीच निस्तरायचा. तिन्हीसांजेची वेळ त्यांना सगळ्यात जड जाईल, त्या वेळी हाताला काम असू दे. खिसे तपासू नका, तोंडाचा वास घेऊ नका. आणि घरात थेंब नको. लपवलेलं सगळं शोधून काढा. काय काय राहिलंय?"

मी विचार केला आणि खरं ते सांगितलं. "एक बाटली राहील. पण ती देवाची आहे."

"देवाची असली तरी बाटलीच ना?"

"तिला यांनी कधी हात लावलेला नाही, मॅडम. सगळी दारू प्याले, ती नाही."

"खात्री आहे?"

"देवाच्या कोनाड्यात आहे ती. रोज मी तिच्यापुढे फूल ठेवते."

उठताना मॅडम एवढंच म्हणाल्या, "मग ती बाटली तेवढी बघा."

आमची वाडी कुडाळच्या पुढे, डोंगराच्या पोटाला. तिथल्या प्रत्येक घराला एक राखणदार असतो. आमचा राखणदार बेड्याच्या, म्हणजे आवाराच्या फाटकाच्या, आतल्या अंगाला काजऱ्याच्या झाडाखाली बसलेला, हातभर काळा पाषाण. जमीनजुमला, गुरंढोरं, पोरंबाळं सगळ्यांवर त्याची नजर. रात्री हातात काठी घेऊन तो हद्द फिरतो, असं आमच्याकडे मानतात, आणि जुनी माणसं सांगतात की त्याच्या काठीचा आवाज त्यांनी ऐकलाय. त्याला वर्षातून एकदा राखण द्यायची. कोंबडा, वडे, आणि काजूच्या दारूची बाटली. बाटलीतली दारू करवंटीत ओतून यजमानाने पाषाणावर धार धरायची आणि उरलेल्यातली चूळभर प्रसाद म्हणून आपण घ्यायची. बाकीची हजर माणसांना. पूर्वापार असंच.

माझा वाटा वेगळा होता. लग्न होऊन आले त्या वर्षीच सासूबाईंनी दिवेलागणीचा दिवा माझ्या हातात दिला होता. रोज तिन्हीसांजेला पाषाणापुढे दिवा नेऊन ठेवायचा. दिवा उंबऱ्याबाहेर पडला की तो ठेवून परत उंबऱ्यात येईपर्यंत बोलायचं नाही. वाटेत कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. "राखणदाराचा लक्ष दिव्यार असता," त्या म्हणायच्या. "आपला दुसरीकडे असून कसा चलात?" तो नेम मी कधी मोडला नव्हता. ताप असला तरी नाही. हे अंगणात पडलेले असायचे तेव्हाही त्यांना ओलांडून मी दिवा घेऊन गेले आहे.

बेळगावहून आले आणि घर काढायला घेतलं. बाटल्या कुठे असतात ते मला सगळं ठाऊक होतं. नवऱ्याला वाटतं बायकोला ठाऊक नाही, एवढंच. न्हाणीच्या चुलीमागे, गवताच्या उडवीत, कौलांच्या आढ्याला, भाताच्या गिरणीतल्या पट्ट्याखाली. गिरण आमचीच, यांच्यापायी बंद पडलेली. सगळ्या रिकाम्या-भरल्या बाटल्या खड्डा काढून पुरल्या. त्यावर अळू लावलं. मुलगी शालन माझ्या आईकडे होती; तिचं अंथरूण-पांघरूण उन्हात घातलं, यांची खाट माजघरातून ओसरीवर आणली. आणि मग देवाच्या कोनाड्यापुढे उभी राहिले.

गेल्या साली राखणीच्या दिवशी हे गिरणीच्या जमिनीवर पडून होते. राखण चुकली. बाटली यांनीच आणलेली, ती तशीच कोनाड्यात राहिली, बुचावर मेण लावलेली. तिला फेकणार कशी? पुरणार कशी? मी पदरात गुंडाळली आणि तात्यांकडे गेले.

तात्या म्हणजे यांचे चुलते. घराण्याचं गाऱ्हाणं तेच घालतात. देवापुढे उभं राहून घरातल्यांच्या वतीने मागणं मागायचं, ते गाऱ्हाणं. सासरे गेल्यावर यांना त्यांनीच मांडीवर वाढवलं. ते घरापुढच्या खळ्यात सुपाऱ्या सोलत बसले होते.

"तात्यानू, ही बाटली तुमच्याकडे ऱ्हवांदे."

"कित्याक? देवाच्या कोनाड्यात तिका काय मुंगे लागतत?"

"शनवारी ते येतले."

"म्हायत आसा माका. शनवारीच राखण घालतलंव. दिवेलागणीक. आधी राखण, मगे घर. राखण चुकवन माणूस घरातसून गेलो, तो राखण दिल्याशिवाय उंबऱ्यात कसो घेवचो?"

मी खाली बसले. "राखण घाला तुमी. पण त्यांच्या हातात करवंटी नको. बेळगावची मॅडम म्हणाली, वासय नको."

"बेळगावच्या बाईक आमच्या राखणदाराचा काय म्हायत?" तात्यांनी अडकित्ता बाजूला ठेवला. आवाज चढवला नाही. "गो वृंदा, ती दारू न्हय. मान आसा तो. मगे तूच सांग. जगातली दारू पिल्यान त्याणी, ह्या बाटलेक कधी हात लावल्यान? देवाक भिता म्हणान अजून जिवंत आसा तो. त्याच राखणदारापुढे त्याका उभो करूचो नाय तर खंय करूचो?"

मी स्वतः मॅडमना तेच सांगून आले होते.

"एक थेंब जिभेक लावल्यान म्हणान काय जाता? थेंबान कोण मरता?"

"मॅडम म्हणाली, थेंबानच मरतत."

तात्यांनी सुपारी उचलली. "बघूया," म्हणाले.

तात्यांचं 'बघूया' म्हणजे 'हो' कधीच नसतं. तरी बाटली मी तिथेच ठेवून आले.

शनिवारी मी यांना आणायला गेले. हे खूप बारीक झाले होते, सदरा खांद्यावर टांगल्यासारखा. गाल मात्र स्वच्छ, डोळ्यांचा पिवळेपणा गेलेला. एसटीत शेजारी बसले आणि गाडीने वळण घेतलं तसा माझा चेहरा यांच्या खांद्याजवळ गेला.

"घेतलंस वास?" हे खिडकीबाहेर बघत म्हणाले.

"नाय ओ."

"घेतलंस. वर्षांची सवय ती, एका दिवसात कशी जायत? घे, घे. साबणाचो येता."

मी हसले. पुष्कळ दिवसांनी. घाट उतरेपर्यंत आम्ही शालनच्या शाळेचं बोललो, गिरणीच्या पट्ट्याचं बोललो. काहीच लपवायचं नाही असं मॅडमनी बजावलं होतं, म्हणून घाटाखाली आल्यावर सांगून टाकलं.

"तात्या आज राखण घालतले. तुमी आधी थंय, मगे घरात."

यांनी पुढच्या सीटची दांडी धरली.

"बाटली खंयची?"

"तुमी हाडलेली तीच. गेल्या सालची."

"ती आसा अजून?"

"तशीच. मी रोज फूल ठेवी."

यांनी डोळे मिटून घेतले. ओठ पांढरे पडले होते. मला वाटलं, दारूचं नाव निघालं म्हणून. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

"नको असात तर परत जावया," मी हळूच म्हटलं.

"खंय?"

"बेळगावाक."

"थंय माजी खाट कालच दुसऱ्याक दिली." मग थोड्या वेळाने, "वृंदा, तू तात्यांका काय बोललंस?"

"करवंटी हातात देव नका म्हटलंय. तेंनी मानला नाय. आता फुडला तुमचा तुमी बघा."

असं मी यांना आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं. त्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. मी माळ काढली आणि जप करू लागले, पण मणी पुढे सरकत नव्हते.

वाडीच्या तिठ्यावर उतरलो तेव्हा ऊन माडांच्या शेंड्यावर गेलं होतं. तिठ्यावरच दारूचं दुकान. तिथून जाताना हे रस्त्याच्या दुसऱ्या कडेने चालले आणि मी त्यांच्या मागे. बेड्यातून आत आलो, तर काजऱ्याखाली सारवून ठेवलेलं. टोपलीखाली कोंबडा. केळीच्या पानावर वडे, अबोलीच्या फुलांची माळ, आणि मधोमध ती बाटली. तात्या डोक्याला पंचा गुंडाळून उभे. बाजूला त्यांचा मुलगा बाबी, आणि जनू. जनू म्हणजे यांचा तिठ्यावरचा जोडीदार. राखण कुणाचीही असो, प्रसादाला तो हजर.

"इलंस रे पोरा," तात्या म्हणाले. त्यांनी यांच्या पाठीवरून हात फिरवला, दोन्ही दंड चाचपून पाहिले. "वाळलंस. बरा झाला, दारूची सूज गेली. पाय धू आणि हय उभो ऱ्हव. वृंदा, तू मागल्या दारान जा, दिवो हाड."

मी मागच्या दाराने आत गेले. देवापुढे समई मंद जळत होती. तिच्यावर निरांजन पेटवलं. वाटलं, दिवा नेऊच नये. दिवा नेला की माझं तोंड बंद. दिव्याशिवाय गेले तर बोलता येईल. तात्यांचा हात धरता येईल, करवंटी यांच्या हातातून ओढून घेता येईल, आणि वाटेल तेवढे उपास मग धरता येतील.

तेवढ्यात मॅडमचं बोलणं आठवलं. त्यांचा शब्द तुम्ही पाळायचा नाही.

आणि घरात थेंब नको, हेही त्याच म्हणाल्या होत्या. दोन्ही सांभाळायची तर कशी, ते त्यांनी सांगितलं नव्हतं.

मी देवाला नमस्कार केला, दिवा उचलला आणि उंबरा ओलांडला.

पाषाणापुढे दिवा ठेवला आणि बाजूला उभी राहिले. तात्यांनी उदबत्त्या पेटवल्या, धूप घातला. डोळे मिटून गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा राखणदारा, म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा," बाबी आणि जनू म्हणाले.

"हो तुझो लेकरू सगुण, वाट चुकलो होतो, तो आज परत तुझ्या हद्दीत इलो हा, म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा."

"गेल्या सालाक तुझी राखण चुकली, ता पोटात घाल. आज त्याच्या हातान तुझो मान तुका देतंव. तो मान तू घे, आणि ह्या लेकराच्या पाठीर उभो ऱ्हव, म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा."

हे काही म्हणत नव्हते. हात जोडून पाषाणाकडे बघत उभे होते. कपाळावर घाम फुटला होता.

तात्यांनी बुचावरचं मेण सुरीने काढलं, बूच उपसलं आणि करवंटी काठोकाठ भरली. धुपाच्या धुराने माझे डोळे चुरचुरत होते. करवंटी त्यांनी यांच्या ओंजळीत दिली.

"अर्धी देवाक. मगे चूळभर तू."

यांनी करवंटी घेतली. नाकापासून वीतभर अंतरावर ती होती. यांचे हात इतके कापत होते की काठावरून ओघळ मनगटावर येत होते. जनूने आवंढा गिळलेला मला ऐकू आला.

हे माझ्याकडे बघायला लागले.

ती नजर मला चांगली ओळखीची होती. तुळशीपुढे शपथ घेताना ती असायची, मोडल्यावर सकाळी असायची. तू बघ, असं म्हणणारी. त्या नजरेवर मी किती सोमवार, किती चतुर्थ्या वाहिल्या त्याचा हिशेब नाही. एक शब्द पुरला असता.

मी नजर वळवून दिव्याच्या ज्योतीकडे बघत राहिले.

"धर धार," तात्या म्हणाले. "कापतंस कित्याक? देवाचाच आसा."

हे बोलले. आवाज इतका बारीक होता की आधी कुणाला कळलंच नाही.

"काय म्हणतंस?"

"तात्यानू, ह्या पाणी आसा."

तात्यांनी डोळे बारीक केले. "काय?"

"दारू न्हय ही. पाणी आसा. बावडीचा." यांनी करवंटी खाली आणली नाही, तशीच दोन्ही हातांत धरली होती. "गेल्या साली राखणीच्या आदल्या दिवशी मीच ती पिलंय. मगे पाणी भरलंय आणि मेण लावलंय. गिरणीत पडान होतंय, ता तीच पिवन."

टोपलीखाली कोंबडा फडफडला. मी रोज सकाळी स्नान करून, ओल्या केसांनी, विहिरीच्या पाण्यापुढे फूल ठेवत होते.

तात्यांनी बाटली नाकाशी नेली. पुन्हा नेली. मग ती पानावर ठेवायला वाकले तर त्यांना वाकताच येईना, बाबीने धरलं.

"राखणदाराचो मान खाल्लंस?" ते म्हणाले. "त्याका पाणी पाजूक निघालंस? आणि मी गाऱ्हाणा घातलंय… ह्याच तोंडान घातलंय."

"म्हणान सांगलंय. गप ऱ्हवलंय असतंय तर कोणाक कळला नसता. चूळ भरूची होती, झाला होता. सगळे म्हणाले असते, देवाचो थेंब घेतल्यान आणि थंयच थांबलो." यांनी पाषाणाकडे मान वळवली. "केंद्रात सगळ्यांका सांगलंय, कोणाक कोणाक फसयलंय ता. ह्याका सांगूचा ऱ्हवला होता."

जनू दोन पावलं मागे सरकला. "मी काय म्हणतंय, मी येतंय फुडल्या राखणीक," तो पुटपुटला. पण गेला नाही.

तात्या पाषाणाकडे बघत होते. काजऱ्याच्या पानांतून वारा गेला तरी ते दचकले. "कोपतलो तो. घरार येयत. पोरीर येयत." आणि मग, जसं नेहमी व्हायचं तसंच, सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. तात्या म्हणाले, "वृंदा, आता तूच काय ता कर गो. सोळा सोमवार धर. निर्जळी धर. तुजा तो ऐकता."

माझी मान हलायला निघाली होती. खरंच सांगते, सवयीने निघाली होती. ती मी धरली. दिवा अजून पाषाणापुढे जळत होता, मी उंबऱ्याबाहेर होते, बोलायचं नव्हतं मला. पण मान हलवायला नेमाची आडकाठी नव्हती. मी ती हलवली नाही. तशीच ताठ उभी राहिले.

"वृंदा?" तात्या म्हणाले.

"तिका कित्याक?" हे म्हणाले. "पिलंय मी. तिणा कित्याक उपाशी ऱ्हवाचा?"

"मगे तू काय देतलंस? राखणदार फुकट राखण करता काय?"

यांनी करवंटीतलं पाणी एका बाजूला मातीत ओतलं. पाषाणावर नाही. करवंटी पालथी ठेवली.

"तो हद्द फिरता ना, रातचो?"

"फिरता."

"त्याचो मान मी खाल्लंय. तर त्याचा थोडा काम मी करतंय. फाल्यापासून सांजेक हिच्या हातचो दिवो मी घेतलंय. पाषाणाकडे ठेवच्या आधी सगळी हद्द फिरतलंय. बेड्यापासून व्हाळापर्यंत, व्हाळापासून काजीपर्यंत, आणि परत."

"रोज?"

"रोज."

"वाटेत बोलाचा नाय. कोणी हाक मारलीन तरी."

"नाय बोलाचंय."

"तुझे शब्द मी खूप ऐकलंय, सगुण," तात्या म्हणाले. त्यात राग नव्हता, थकवा होता. "तुळशीपुढे ऐकलंय. तुझ्या आवशीच्या मढ्यापुढे ऐकलंय."

"व्हय. चुकलंय तर माजा मी बघतलंय. पण हिणा उपास धरूचो नाय. ता पण गाऱ्हाण्यात घाला."

तात्यांनी पंच्याने तोंड पुसलं, हात जोडले, आणि आवाज नीट लागत नव्हता तरी नव्याने गाऱ्हाणं घातलं. सगुणाने तुझा मान खाल्ला, म्हाराजा. तो सांजेला दिवा घेऊन तुझी हद्द फिरेल, म्हाराजा. चुकला तर त्याचं त्याच्यावर, बायका-पोरांवर नको, म्हाराजा. बाबी 'व्हय म्हाराजा' म्हणाला. जनूही म्हणाला. सगळ्यांत शेवटी, सगळ्यांच्या मागून, यांचा आवाज आला.

मी घरात गेले, उंबऱ्यात पाय ठेवला आणि मगच श्वास सोडला. त्या दिवशी शनिवार. माझा उपास नव्हता. मी यांच्या बरोबरीने पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळ बरी गेली. यांनी गिरणीचं दार उघडलं, पट्टा काढून उन्हात टाकला. दुपारी झोपले. चार वाजता चहा दिला, तर कप खाली ठेवताना बशीवर वाजला. ऊन उतरायला लागलं तसे हे ओसरीवरून खळ्यात, खळ्यातून ओसरीवर करू लागले. हीच ती वेळ. याच वेळी वर्षानुवर्षं यांचा पाय घरात ठरत नसे. सदरा अडकवायचे आणि कुणाला काही न सांगता चालू लागायचे. मी विचारायची, खंय चललास? उत्तर कधी यायचं नाही.

दिव्यात तेल घालायची माझी वेळ झाली. हात आपोआप तेलाच्या बुधलीकडे गेला. मी तो मागे घेतला. वात वळायची तीही वळली नाही. कोनाड्यात दिवा कोरडा होता. मी मागल्या पडवीत जाऊन तांदूळ निवडायला बसले आणि सूप मांडीवर घेऊन नुसती बसून राहिले. खडे दिसत नव्हते.

बेड्याशी मोटारसायकल थांबली.

"सगुण, आसंस मरे?" जनूचा आवाज. "तिठ्यार येतंस? पियाक न्हय रे बाबा, उगीच. चाय घेवया. सगळे इचारतत तुका."

"बस जरा," यांचा आवाज. मग आतमध्ये पावलं. खुंटीवरचा सदरा काढल्याचं मला कळलं. त्या खुंटीचा करकर आवाज येतो. माजघरात काहीतरी हललं, काहीतरी पडलं. पावलं पुन्हा ओसरीवर गेली. चपला पायात न घालता गेली, ते नंतर लक्षात आलं.

मला राहवलं नाही. मॅडमनी यावर काही सांगितलं नव्हतं.

"अवो," मी पडवीतूनच हाक मारली, "खंय चललास?"

उत्तर नाही.

"येतंस मा?" बेड्यावरून जनूने विचारलं.

त्यालाही उत्तर नाही.

सूप खाली ठेवून मी उठले. माजघरात काळोख झाला होता. देवाच्या कोनाड्यापाशी गेले तर पायाला गार तेल लागलं. बुधली आडवी, काडेपेटी उघडीच. दोन वाती वळायचा प्रयत्न करून टाकून दिलेल्या, वेड्यावाकड्या. तिसरी तिथे नव्हती.

दारात आले. खळ्याच्या पलीकडे, बेड्याला वळसा घालून, व्हाळाच्या पाण्याच्या बाजूला एक ज्योत चालली होती. वाऱ्याला तळवा आडवा धरलेला. जनू मोटारसायकलवर बसून तिच्याकडे तोंड वासून बघत होता.

"अरे, काय विचारतंय?" तो ओरडला. "सगुण!"

ज्योत थांबली नाही.